तीन पौंडांचा नाच

सेवाग्रामला येणारा माणूस बापूकुटीतली चटई बघतो, चरखा बघतो, मातीच्या भिंतींवरून हात फिरवतो. या घरात राहणाऱ्या माणसाने विशीच्या उंबरठ्यावर लंडनमध्ये पाश्चात्त्य नाचाचा क्लास लावला होता, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. माहीत असलेले लोकही तो प्रसंग गंमत म्हणून सांगतात आणि पुढे जातात. मला तो गमतीचा वाटत नाही. बेताच्या पैशांत नाच शिकायला निघालेल्या एका विद्यार्थ्याची ती गोष्ट आहे आणि तिचा माग काढत गेले की वाट थेट आपल्या वर्ध्याला येते.

मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. शिक्षणाचा खर्च थोरल्या भावाच्या शिरावर होता. आईला दिलेल्या शब्दामुळे मांस वर्ज्य, आणि तेवढ्यामुळे लंडनच्या जेवणाच्या टेबलावर रोजची अडचण. एका मित्राने नाटकाला जाण्याआधी त्यांना होबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेले. पहिले सूप आले. ते कशाचे आहे, हे मित्राला विचारण्याचा धीर होईना म्हणून त्यांनी वाढप्याला खुणेने बोलावले. मित्राच्या ते लक्षात आले आणि तो भडकला: सभ्य समाजात वावरण्याची रीत तुला नाही, बाहेर जाऊन थांब. गांधी मुकाट्याने बाहेर आले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते. ती रात्र उपाशी गेली, पण मित्राबरोबर नाटक त्यांनी पाहिले.

नाचाच्या क्लासचे मूळ या सुपाच्या बशीत आहे. मांस खाणार नाही हे पक्के होते, मग ती उणीव दुसऱ्या कशाने तरी भरून काढायची आणि मित्राचा जीव शांत करायचा, असे त्या मुलाने ठरवले. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे कपडे आले. १९ शिलिंगांची उंच टोपी आली. बाँड स्ट्रीटवर १० पौंड देऊन संध्याकाळचा पोशाख शिवून घेतला. भावाकडून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागवली. टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात आरशासमोर रोज दहा मिनिटे जाऊ लागली. एवढ्याने सभ्य गृहस्थ होत नाही, त्याला नाच यावा लागतो, फ्रेंच यावी लागते, भाषण करता यावे लागते, असे कुणीतरी सांगितले. तेव्हा एका सत्राची फी म्हणून ३ पौंड भरून ते नाचाच्या वर्गात दाखल झाले.

तीन आठवड्यांत साधारण सहा धडे झाले. पाऊल काही तालात पडेना. पियानो काय सांगतो आहे हेच कळत नव्हते, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण ही अडचण त्यांच्या एकट्याची नव्हती. आपला कान ठेक्यावर वाढलेला असतो. भजनात मृदंग किंवा तबला सम दाखवून देतो, टाळ ती घट्ट करतात, आणि गाणे कळले नाही तरी टाळी बरोबर पडते. त्या काळच्या नाचघरात वॉल्ट्झ चाले, पोल्का चाले, आणि वर्गात साथीला असे एकटा पियानो. वॉल्ट्झचा ठेका पियानोवादकाच्या डाव्या हातात असतो: एक जड सूर आणि त्यामागून दोन हलके. नवखा माणूस मात्र उजव्या हातातल्या चालीच्या मागे धावतो आणि पाय चुकतो. असल्या वॉल्ट्झची दोन आवर्तने जोडली की सहा मात्रा होतात, म्हणजे दादरा जाणणाऱ्याला मोजायला ओळखीचा हिशोब. पण हे समजावणारे त्या वर्गात कुणी असेल असे वाटत नाही.

कान तयार व्हावा म्हणून त्यांनी व्हायोलिन घेतले. तेही ३ पौंडांचे, शिकवणीची फी वेगळी. वक्तृत्वाच्या शिक्षकाला सुरुवातीची एक गिनी दिली, त्याने सुचवलेले बेलचे वक्तृत्वावरचे पुस्तक घेतले आणि ब्रिटिश मुत्सद्दी पिटच्या भाषणापासून आरंभ केला. उंदरांसाठी मांजर, मांजरीसाठी गाय आणि गाईसाठी माणूस पाळणाऱ्या बैराग्याची जुनी गोष्ट गांधींना इथे आठवली. मग ते भानावर आले. मी इथे विद्यार्थी म्हणून आलो आहे, जन्म काढायला नाही. नाचाने मी सभ्य कसा होणार. व्हायोलिन तर देशातही शिकता येईल. वक्तृत्वाच्या आणि नाचाच्या शिक्षकांना त्यांनी पत्रे लिहिली. व्हायोलिनच्या शिक्षिकेकडे स्वतः गेले, येईल त्या किमतीला वाद्य विकून टाकायची विनंती केली आणि आपण चुकीच्या कल्पनेमागे लागलो होतो हे मोकळेपणी सांगितले. त्या बाईंनी त्यांना धीर दिला. हा सगळा नाद सुमारे तीन महिने टिकला.

आत्मकथेतले हे पहिल्या भागाचे पंधरावे प्रकरण. बहुतेकांचे वाचन इथे संपते, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. सोळाव्या प्रकरणाच्या आरंभीच गांधी बजावतात की या दिवसांना कुणी चैनीचा काळ समजू नये. नाचाचा क्लास चालू असतानाही पै-पैचा हिशोब लिहिला जात होता. बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्रावर गेलेली एक-दोन नाणी, सारे वहीत चढे आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवली जाई. त्या वहीनेच त्यांना दाखवले की पैसा कुठे जातो. ते एका कुटुंबात राहत, त्याचे आठवड्याचे बिल होते, शिवाय शिष्टाचार म्हणून त्या कुटुंबातल्या कुणाला बाहेर जेवायला न्यावे लागे. खर्च निम्मा करायचे ठरले. स्वतःच्या वेगळ्या खोल्या घेतल्या, त्या कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशा. रोज आठ-दहा मैल चालणे होऊ लागले. पुढे दोन खोल्यांची एक झाली, स्टोव्ह आला, सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पाव आणि पुन्हा कोको. दिवसाचे भागू लागले १ शिलिंग ३ पेन्समध्ये.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. पोशाख, टोपी, नाचाची फी, व्हायोलिन आणि ती गिनी, यांची बेरीज बरोबर १८ पौंड होते. १ शिलिंग ३ पेन्सच्या हिशोबाने ही २८८ दिवसांची भाकरी. नाचाची फी तेवढीच धरली तर ४८ दिवसांची. सहा धड्यांवर वाटली तर एकेक धडा आठ दिवसांच्या जेवणाचा. भावाच्या ओढाताणीची जाण असलेल्या मुलाला असा हिशोब बोचला नसता तरच नवल.

कपड्यांची हौस मात्र लगेच गेली नाही. ती काही वर्षे टिकली, असे ते स्वतःच सांगतात. तेव्हा लंडनमध्येच शिकणाऱ्या सच्चिदानंद सिन्हांनी फेब्रुवारी १८९० मध्ये त्यांना पिकॅडिली सर्कसला पाहिले, तेव्हाही डोक्यावर चकचकीत रेशमी टोपी आणि गळ्याशी कडक कॉलर होती. माणूस एका रात्रीत बदलला असे लिहिणाऱ्या चरित्रांवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. जून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतायला निघाले.

वही मात्र सुटली नाही. पुढे लाखांचे सार्वजनिक फंड हाताळले तरी चळवळींवर कर्ज राहिले नाही, उलट शिल्लकच पडली, याचे श्रेय ते लंडनच्या त्या सवयीला देतात. ३० एप्रिल १९३६ रोजी ते जमनालालजी बजाजांच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले, तेव्हा घराला पाचशे रुपयांपेक्षा जास्त खर्च होता कामा नये, सामान आणि मजूर गावचेच हवेत, ही अट होती. आश्रमातले आदि निवास हे घर त्या अटीतून उभे राहिले. सोन्याच्या दुपदरी साखळीच्या जागी कमरेला दोरीने अडकवलेले साधे घड्याळ होते. चालणेही कायम राहिले, आणि इतरांनाही लागले. आत्मकथेचे इंग्रजी भाषांतर करणारे महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीहून शेगावपर्यंत भर उन्हाळ्यात पायी येत-जात.

आणि संगीत? व्हायोलिन विकले म्हणून संगीत सुटले नाही, हे मला सगळ्यात मोलाचे वाटते. विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात आले, आश्रम भजनावली त्यांच्या हातून आकाराला आली, १९३० च्या दांडीयात्रेत ते बरोबर चालले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिच्यातून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने नयी तालीम या गांधींच्या शिक्षणयोजनेच्या अभ्यासक्रमात सूतकताई, गणित, मातृभाषा यांच्याबरोबर संगीताला जागा दिली. ज्याला कान तयार करण्यासाठी ३ पौंडांचे वाद्य विकत घ्यावे लागले, त्याच्या शाळेत खेड्यातल्या मुलाचा कान फुकट तयार होणार होता.

आज वर्ध्यात एखादी मुलगी किंवा मुलगा साल्सा, वॉल्ट्झ शिकायचे म्हणाला की घरात दोन आवाज उठतात: हे आपले नाही, आणि एवढे पैसे कुठून आणायचे. पहिल्या आक्षेपासाठी गांधींचे नाव कुणी वापरू नये. त्यांनी नाचाला वाईट म्हटले नाही. नाचाने सभ्यता येते या समजुतीला चूक म्हटले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वहीत आहे. क्लास लावायचा असेल तर आधी एक धडा बघू देतात का ते विचारा, पूर्ण सत्राची फी एकदम भरू नका, ठेका घरी टाळीवर मोजून पायात बसवा, आणि खर्च त्याच रात्री लिहून ठेवा. अप्पा पटवर्धनांनी केलेला आत्मकथेचा मराठी अनुवाद वाचनालयांतून मिळतो. त्यातले पंधरावे प्रकरण काढाल तेव्हा सोळावेही त्याच बैठकीत वाचा.