आराखडा कोणाच्या हातात?

गवंडी घर बांधतो आणि नकाशावाला घर ठरवतो. दार कोणत्या दिशेला, खिडकी कुठे, कोणाची खोली किती मोठी आणि कोणी ओसरीवरच थांबायचे, हे गवंड्याला कोणी विचारत नाही. आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे वाडे, रस्ते आणि धरणे बांधत आला. नकाशा काढणारा हात मात्र आपला नव्हता. आज संगणकाच्या युगात हाच प्रश्न नवे कपडे घालून पुन्हा उभा आहे आणि चळवळीने त्याची दखल घेतली पाहिजे असे आम्हाला वाटते.

साताऱ्यातून, कराडातून, मिरजेतून, सांगलीतून अभियांत्रिकी शिकलेली आपली शेकडो मुले-मुली आज पुण्याच्या संगणक कंपन्यांत काम करतात. शनिवारी एस.टी.ने किंवा रेल्वेने घरी येतात, रविवारी रात्री परततात. आईबापांनी दुसऱ्याच्या रानात राबून त्यांना इथवर आणले याचा आम्हाला अभिमान आहे. पण यांतील बहुतेक जण करतात काय? दुसऱ्याने आखून दिलेला प्रोग्राम लिहितात किंवा दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम तपासतात. म्हणजे गवंडीकामच. पगार चांगला आहे, पण नकाशा दुसऱ्याचाच!

हा नकाशा काढणाऱ्याला त्या क्षेत्रात एंटरप्राइज आर्किटेक्ट म्हणतात. एखादी बँक, कारखाना किंवा सरकारी खाते काय काम करते, त्यासाठी कोणती माहिती गोळा करते, ती कोणत्या संगणकप्रणालीत ठेवते, एका विभागाची माहिती दुसऱ्याला कशी पोचते, या साऱ्याचा एकत्र आराखडा तो मांडतो. १९८७ साली जॉन झॅकमन यांनी आयबीएमच्या नियतकालिकात या विषयाची चौकट मांडली. पुढे १९९५ मध्ये ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेने अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कामाचा आधार घेऊन ‘टोगॅफ’ नावाची पद्धती प्रसिद्ध केली. तिची दहावी आवृत्ती २०२२ साली आली. तिच्यावरची प्रमाणपत्र परीक्षा जगभर ओळखली जाते.

या परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटे. दुसऱ्या भागात आठच प्रश्न, पण प्रत्येक प्रश्न म्हणजे एका संस्थेची सबंध कैफियत. त्याला नव्वद मिनिटे मिळतात आणि पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असते. दोन्ही भागांत उत्तीर्ण व्हायला साठ टक्के गुण लागतात. दुसऱ्या भागाची गंमत अशी की सर्वांत योग्य उत्तराला पाच गुण, त्याखालच्याला तीन, त्याखालच्याला एक आणि चौथ्याला शून्य. आम्ही पेशाने वकील असल्याने ही गुणांकनाची रीत आम्हाला परकी वाटत नाही. कोर्टातही बहुधा दोन्ही बाजूंकडे काही ना काही तथ्य असते. निकाल अधिक सबळ बाजूला मिळतो. म्हणून या परीक्षेला घोकंपट्टी पुरत नाही. कैफियत वाचून आधी प्रश्न कोणाचा आहे आणि काम कोणत्या टप्प्यावर आहे, हे ओळखावे लागते.

आता महत्त्वाची गोष्ट. या परीक्षेला बसण्यासाठी पदवीची अट नाही. शिकवणी लावलीच पाहिजे असेही नाही. मूळ ग्रंथ संगणकावर फुकट वाचता येतो. आडनाव कोणी विचारत नाही. मग अडचण कुठे आहे? शुल्क डॉलरमध्ये ठरते आणि इथल्या हिशेबाने ते हजारो रुपयांत जाते. भाषा इंग्रजी, तीही कायद्याच्या पुस्तकासारखी जड. आणि सांगणारे कोणी नाही. ज्याच्या घरात काका किंवा मामा या क्षेत्रात वरच्या जागेवर आहे, त्याला जेवणाच्या ताटावर कळते की पुढची पायरी कोणती. आपल्या मुलाला ते नोकरीच्या दहाव्या वर्षी कळते. ही परीक्षा जात विचारत नाही, पण खिसा आणि ओळखी विचारतेच.

साताऱ्याच्या वाचकांना शिक्षणाचे मोल आम्ही सांगावे असे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी याच शहरातल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, प्रवेश घेतला. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. कराड तालुक्यातील काले येथे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’चा मार्ग दाखवला. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे शाळेचे दार उघडण्याची लढाई या मातीत लढली गेली. आता लढाई शाळेच्या दाराची नाही, आराखड्याच्या टेबलाची आहे. मोक्याच्या जागा घ्या, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. संगणकाच्या कारभारात मोक्याची जागा हीच.

काही जण विचारतील, कंपन्यांचे नकाशे कोणी का काढेना, चळवळीला त्याचे काय? त्यांच्यासाठी या अभ्यासक्रमातल्याच दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट संबंधितांच्या तक्त्याची. आराखडा करताना ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार, त्यांची यादी करतात आणि त्यांना चार घरांत बसवतात. ज्याची सत्ता मोठी आणि हितसंबंधही मोठा, तो प्रमुख. ज्याची सत्ता मोठी पण रस कमी, त्याला खूष ठेवायचे. ज्याचा हितसंबंध मोठा पण सत्ता नाही, त्याला फक्त ‘माहिती देत राहायचे’. आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याच्यासाठी किमान कष्ट घ्यायचे. आता सांगा, जत किंवा माण तालुक्यातली शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलगी कोणत्या घरात बसते? तिचे सगळे आयुष्य त्या अर्जावर टांगलेले आहे, पण सत्ता शून्य. तिला फक्त मोबाइलवर संदेश मिळणार: अर्ज प्रलंबित आहे! पद्धतीत दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तक्ता कोण भरतो, यावर सारे अवलंबून आहे. तिच्या घरातून आलेला माणूस त्या टेबलावर असेल, तर तो तिचे घर बदलायला लावील.

दुसरी गोष्ट उणिवेच्या तक्त्याची. आज काय आहे आणि उद्या काय हवे, हे समोरासमोर मांडतात. जुन्या व्यवस्थेतली एखादी गोष्ट नव्या व्यवस्थेत दिसली नाही, तर एक प्रश्न विचारणे बंधनकारक असते: ही जाणूनबुजून वगळली की चुकून राहिली? चुकून राहिली असेल तर परत घेतलीच पाहिजे. वाचकहो, हा प्रश्न आपला समाज या देशाला शतकानुशतके विचारत आलेला आहे. आमची पाणवठ्यावरची जागा, शाळेतली जागा, इतिहासातली जागा चुकून राहिली की जाणूनबुजून वगळली?

आणि हे केवळ कंपन्यांपुरते राहिलेले नाही. २०१८ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सरकारी कारभारासाठी ‘इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर’ ही चौकट आणली. आपल्या राज्यात शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतो, जातीचा दाखला प्रांत देतो, पडताळणी जिल्ह्याची समिती करते. तिन्ही दाखले एकाच शासनाचे, आणि ते त्याच शासनाला पटवून देण्यासाठी हेलपाटे घालणार मजुराचे पोर. कोणता रकाना सक्तीचा, कोणत्या त्रुटीवर अर्ज परत जाणार, बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे कुठे अडकणार, हे कायद्याच्या कलमात लिहिलेले नसते. ते आराखड्यात असते. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के. कोटींचे आकडे वर्तमानपत्रात येतात. ते मुलाच्या खात्यात पोचण्याची वाट मात्र संगणकाचा नकाशावाला आखतो. अन्याय झाला तर आम्ही वकील मंडळी रिट अर्ज करू, पण निकाल येईपर्यंत त्या मुलाचे वर्ष गेलेले असते. बाबासाहेबांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पैसा वेळेवर असण्याचे मोल आपल्याला आणखी कोणी शिकवायला नको.

खाउजाच्या धोरणानंतर नोकऱ्या खाजगी क्षेत्रात गेल्या. संविधानाच्या कलम १६(४)चे संरक्षण राज्याच्या सेवेपुरते आहे, खाजगी कंपनीच्या दारात ते थांबते. खाजगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी आपण सोडायची नाहीच. पण ती मंजूर होईपर्यंत हात बांधून बसायचे का? ज्या पात्रतेचा दाखला कोणाला नाकारता येत नाही, तो हातात असलेला बरा.

आता खरे तेही सांगितले पाहिजे. हे प्रमाणपत्र म्हणजे जादूची कांडी नाही. कालच पदवी मिळालेल्या मुलाने ते घेऊन फारसा उपयोग नाही. पाच-सात वर्षांच्या अनुभवाला त्याची जोड मिळाली तरच वजन येते. बढती देणाऱ्याच्या मनातली जात एका कागदाने पुसली जात नाही. आणि वर गेलेल्या माणसाने मागे वळून पाहिलेच नाही, तर नकाशा त्याच्या हातात असूनही आपल्या वस्तीचे दार बंदच राहील.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सातारा, कराड, मिरज, सांगली इथल्या विहारांत रविवारी वंदनेनंतर दोन तास अभ्यासगट बसवा. मुले घरी आलेली असतात, जागा आपली असते. प्रश्नांची कैफियत मोठ्याने वाचा, चारही उत्तरांवर वाद घाला, पाचाचे उत्तर कोणते आणि तीनाचे का, हे एकमेकांना पटवा. इंग्रजी संज्ञांचा अर्थ मराठीत लिहून त्याची वही पुढच्या गटाला द्या. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग परीक्षा शुल्कासाठी बाजूला काढा. उत्तीर्ण झालेल्याने तो परत करावा आणि पुढच्या दोघांना शिकवावे. शासनानेही बार्टीमार्फत अशा परीक्षांचे शुल्क आणि प्रशिक्षण द्यावे, ही मागणी आता निवेदनात आली पाहिजे.

ज्या महामानवाला आपण घटनेचा शिल्पकार म्हणतो, त्याने देशाचा नकाशा आखताना ओसरीवरच्या माणसाला घरात घेतले. त्याच्या लेकरांनी केवळ विटा वाहून समाधान मानायचे नाही. पुढचा नकाशा आखला जात असताना टेबलाभोवती एक खुर्ची आपली असली पाहिजे, आणि तिच्यावर बसणाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारला पाहिजे: इथे कोण राहून गेले?

जय भीम!