मुंबई व मराठवाड्यातील लाकडी कोळशाची आवक

लाकडी कोळसा हे लाकूड अपुऱ्या हवेत सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमानाला भाजून मिळणारे, मुख्यतः कार्बनयुक्त इंधन आहे. मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) ही दोन्ही शहरे ते बाहेरून आणत आली आहेत. मात्र ही आवक वेगवेगळ्या मार्गांनी, वेगवेगळ्या राजवटींत आणि वेगवेगळ्या मापांत नोंदली गेल्याने दोहोंची तुलना दिसते तितकी सरळ नाही.

वाहतुकीचे गणित

मातीच्या पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारण चार ते सहा किलो सुके लाकूड लागते. यात लाकडातील बरीच ऊर्जा वाया जाते, पण उरलेला कोळसा त्याच वजनाच्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देतो. त्यामुळे सरपण जवळून आणि कोळसा लांबून आणणे परवडते. अडचण एवढीच की कोळसा ठिसूळ असतो. प्रत्येक चढउतारीत त्याचा काही भाग चुरा होतो.

मुंबईची आवक

मुंबईला ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील जंगलांचा आणि खाड्यांचा फायदा मिळाला. भट्टीवरचे काम मोठ्या प्रमाणात कातकरी समाजाने केले. खैरापासून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावरील निर्बंध वाढले आणि अनेक कुटुंबे ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांकडे वळली. पावसाळा संपल्यावर उचल घेऊन निघायचे आणि पुढच्या पावसाआधी परतायचे, असा हा हंगाम असे. उचल न फिटल्यास तेच कुटुंब पुढच्या वर्षी त्याच ठेकेदाराकडे बांधले जाई. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, तरी भट्ट्यांवरील वेठीची प्रकरणे त्यानंतरही उघडकीस येत राहिली. शहरातील कोळशाच्या भावात या श्रमाची खरी किंमत कधीच दिसली नाही. १९४१ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाल्यावर कोळशाच्या वायूवर मोटारी चालवल्या गेल्या आणि मागणीत नवी भर पडली.

औरंगाबादची आवक

औरंगाबाद १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या सीमेवर करोडगिरी, म्हणजे जकात, घेतली जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून मीटरगेज रेल्वे आली. पण मुंबईकडचा माल मनमाडला ब्रॉडगेज डब्यांतून उतरवून पुन्हा भरावा लागे. कोळशासारख्या ठिसूळ मालाला ही चढउतार महागात पडणारी होती. हा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला.

मराठवाड्यात जंगल मुळात कमी आहे. औरंगाबाद जिल्ह्यात ते सुमारे ५ ते ६ टक्के, तर रायगडमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास आहे. जिल्ह्यातील महत्त्वाचे वनक्षेत्र असलेले गौताळा औट्रमघाट १९८६ मध्ये अभयारण्य झाले. पडीक जमिनीवर पसरलेली वेडी बाभूळ हा अलीकडच्या काळात कोळशाचा एक मोठा आधार आहे.

तुलनेतील अडचणी

ब्रिटिश काळातील रेल्वे-व्यापाराच्या तक्त्यांत मुंबई बंदर आणि निजामाचा मुलूख हे स्वतंत्र विभाग होते. त्यामुळे सीमा ओलांडणारा कोळसा आयात ठरे, तर इलाख्यातील एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गाडीने गेलेला कोळसा तक्त्यात येत नसे. मापांचा घोळ वेगळाच. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण सुमारे ८२ पौंडांचा होता. नुसते मण वाचून आकडे जुळवल्यास जवळजवळ तिपटीची चूक होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर ही आवक अंतर्गत वाहतूक बनली. नोंद थांबली म्हणजे वापर थांबला, असा अर्थ काढता येत नाही.

आजच्या सीमाशुल्क वर्गीकरणात कोळशाचे शीर्षक ४४०२ आहे. त्यात करवंटीचा कोळसाही मोडतो, आणि देशांतर्गत वाहतूक मात्र मोजली जात नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार लाकडी कोळसा, तो जंगलातून आणलेला असो वा नसो, वनोपज समजला जातो. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतील आवक पाहायची तर सीमाशुल्काच्या आकड्यांपेक्षा वन विभागाचे वाहतूक परवाने अधिक उपयोगी ठरतात.

अलीकडील स्थिती

रॉकेल आणि नंतर स्वयंपाकाच्या गॅसमुळे घरगुती वापर घटला. इस्त्री, सोनारकाम, ढाबे आणि तंदूर येथे तो टिकून राहिला. मुंबईतील हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना आणि उपाहारगृहांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. नान-खलियासाठी प्रसिद्ध असलेल्या छत्रपती संभाजीनगरात नान अजूनही भट्टीतच भाजली जाते.