डागांची वही

वय झालेल्या जिवाच्या कातडीवर काळाच्या खुणा उमटतात आणि रोगाच्याही. पहिल्या नजरेला दोन्ही सारख्याच दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. बँकेत असताना पेन्शनरांच्या सह्या पडताळण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे होते. नमुन्याच्या कार्डावरची सही ठसठशीत असायची आणि पैसे काढण्याच्या स्लिपवरची थरथरती, ओळीखाली घसरलेली. ही सही खोटी की म्हातारी? एका सहीकडे कितीही वेळ पाहिले तरी ते कळत नसे. मधल्या वर्षांच्या स्लिपा काढून ओळीने मांडल्या, की हात हळूहळू कसा कापू लागला ते दिसायचे.

हे सारे अलीकडे पुन्हा आठवले ते एका माशामुळे. किल्लारीत आमच्या एका नातलगांच्या घरी खाऱ्या पाण्याची 100 लिटरची काचेची टाकी आहे आणि तीत चौदा वर्षांचा एक मासा आहे. अंग नारिंगी, त्यावर तीन पांढरे पट्टे. 2003 सालच्या चित्रपटापासून मुले ज्याला 'निमो' म्हणतात, तोच हा विदूषक मासा. किल्लारीपासून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर. तेव्हा इथला समुद्र पिशवीतून येतो : लिटरमागे साधारण 35 ग्रॅम खास मीठ, गाळणी, पंप आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. दगडी प्रवाळांना आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून टाकीतला खडक बनावट आहे. सोबतीला गोगलगायी, एक खेकडा आणि एक समुद्रफूल.

घरात माशाला 'म्हातारबा' म्हणतात. खरे तर हे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. याची जोडीदारीण केव्हाच गेली. त्यामुळे म्हातारबाची आता म्हातारबाई झाली असण्याचा संभव बराच. आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "असू द्या. नाव न्हाई बदलायचं आता."

आजींचा आणि माशाचा ऋणानुबंध जुना आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, तेव्हा या घरातही घागरी मोजून वापरत होते. टाकीतले पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, म्हणून वरून रोज थोडे गोडे पाणी घालावेच लागते. शेजारणीने टोकले. आजींनी उत्तर दिले, "त्यो बी जीवच हाय की. आमच्यातला एक तांब्या त्याचा."

गेल्या पावसाळ्यात म्हातारबाच्या गालावर आणि कुशीवर तिळाएवढे काळे ठिपके दिसू लागले. शेपटीच्या परावर एक पांढुरकी गाठही आली. घरात बैठक बसली. कोणी म्हणाले वय झाले, सोडून द्या. कोणी म्हणाले चिमूटभर मोरचूद टाका. हा सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. समुद्री माशांच्या काही रोगांवर तांब्याचे औषध खरोखरच वापरतात. पण ते वेगळ्या टाकीत, रोज मोजमाप करून. औषध आणि विष यांत तिथे फार थोडे अंतर असते. शिवाय गोगलगाय, खेकडा, समुद्रफूल यांना तांबे सोसत नाही. रोग न ओळखता टाकलेल्या त्या चिमटीने एक जीव वाचण्याऐवजी चार गेले असते.

मग ओळखायचे कसे? माशाच्या खवल्यांवर पातळ कातडी असते आणि तिच्यावर बुळबुळीत थर. हाच त्याचा अंगरखा आणि हीच त्याची ढाल. मीठ शिंपडल्यासारखे सुटे पांढरे दाणे दिसले, तर तो एका सूक्ष्म परोपजीवीचा उपद्रव असतो. पिठासारखी बारीक, सोनेरी धूळ अंगावर दिसली आणि मासा धापा टाकू लागला, तर तासातासाला महत्त्व असते. साय धरल्यासारखा थर येऊन कातडी सुटू लागणे हा या विदूषक माशांचा नेहमीचा वैरी. फुलकोबीच्या गड्ड्यासारखी गाठ बहुधा विषाणूची असते. तिला औषध नाही आणि बहुतेक वेळा ती आपोआप ओसरते. खरवडली तर मात्र जखम चिघळते. म्हाताऱ्या माशाला माणसासारखी अर्बुदेही होतात, ती वाढतच जातात. आणि सपाट काळे ठिपके? समुद्रफुलाच्या डंखांनी तसे ठिपके उठतात आणि सवय झाली की काही आठवड्यांत फिके पडतात.

यातला पांढऱ्या दाण्यांचा रोग सर्वांत फसवा. दाणे चार-सहा दिवसांत दिसेनासे होतात आणि घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात तो जीव पिकून तळाशी गेलेला असतो. तिथे कोश करून तो शेकडो पटींनी वाढतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी परत येतो. डाग गेला म्हणजे रोग गेला, असे नसते.

खुणांशी किल्लारीची ओळख फार महाग पडलेली आहे. 1992 साली इथली जमीन वरचेवर हादरत होती, गावात भीती पसरली होती. पुढे धक्के विरळ झाले आणि लोक पुन्हा माळवदाखाली झोपू लागले. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी त्याच दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसे गेली. आधीच्या धक्क्यांवरून काही ताडता आले असते, हे आज म्हणणे सोपे. भूकंपाचे भाकीत अजूनही कोणाला करता येत नाही.

त्यानंतर उलटेच झाले. पुनर्वसनातल्या नव्या घरात गिलाव्याला केसाएवढी चीर पडली तरी आजी अंथरूण घेऊन अंगणात यायच्या. कोणा जाणत्याने त्यांना युक्ती शिकवली : चिरेच्या टोकाला पेन्सिलीने रेघ मारा, तारीख घाला आणि महिन्याने पाहा. चीर रेघेपुढे गेली तर बोलवा, नाही तर झोपा. त्यांच्या भिंतीवर अशा तारखा आजही आहेत.

म्हातारबाच्या बाबतीत आजींनी तेच केले. नातीच्या शाळेच्या वहीत माशाची आकृती काढून घेतली आणि दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक ठिपका तिच्यावर मांडला. शेजारी तीन रकाने : किती खाल्ले, मिनिटात कल्ले किती वेळा हलले, पाण्याची तपासणी काय सांगते. कारण कातडीकडे पाहण्याआधी पाण्याकडे पाहायचे असते. अमोनिया वाढला किंवा मिठाचे प्रमाण ढळले, तर निरोगी माशाचेही अंग बिघडते. आणि डागापेक्षा श्वास आणि भूक लवकर खरे सांगतात.

वहीची मागची पाने चाळल्यावर एक नोंद सापडली. ठिपके येण्याच्या तीन आठवडे आधी टाकीत नवे समुद्रफूल आले होते. म्हातारबा दिवसभर त्याच्या कुशीत लोळत होता. भूक शाबूत होती, श्वास नेहमीचा होता. औषधाची बाटली फोडलीच नाही. ज्यांच्या घरी असा प्रश्न येईल, त्यांना विचारायला आता फार लांब जायला नको. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. मात्र तिथेही पहिला प्रश्न हाच येईल, की कधीपासून आहे? त्याचे उत्तर वही देते, आठवण देत नाही.

दिवाळीपर्यंत काळे ठिपके पुसट झाले. शेपटीवरची गाठ तशीच आहे, वाढलेली नाही. खाणे मात्र जरा मंदावले आहे. ते वय आहे, त्याला औषध नाही. आजींनी एका वेळच्या खाण्याचे दोन भाग केले आहेत, आणि वहीत चौथा रकाना आखला आहे.