पाल पडली होती का?

उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली, की ‘जेवणातून विषबाधा’ अशा मथळ्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात. जेवणानंतर दोन-तीन तासांत पन्नास-शंभर माणसांना उलट्या होतात, काहींना सलाईन लावावे लागते आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. ‘वरणात पाल पडली असणार’ असा निकाल मात्र मंडपातच लागलेला असतो. व्याख्यानांच्या निमित्ताने आम्ही शाळांतून जातो, तेथेही या विषयावरचा पहिला प्रश्न बहुधा पालीचाच असतो. तेव्हा आज आपण या पालीचीच उलटतपासणी करू.

आपल्या घरांत वावरणाऱ्या पालीला विषग्रंथी नसतात. तिच्या विष्ठेत साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात हे खरे. पण उकळत्या वरणात ते जगत नाहीत. शिजलेल्या अन्नात पाल नंतर पडली आणि ते जिवाणू वाढले, तरी आजार सुरू व्हायला किमान सहा तास, बहुधा बारा ते छत्तीस तास लागतात. म्हणजे दोन तासांत झालेल्या उलट्यांचा आरोप पालीवर ठेवता येत नाही. (‘पाल पडली’ हे ऐकूनच किळसेने काहींना उलटी होते, तो भाग वेगळा.) घड्याळ पालीच्या बाजूने साक्ष देते.

मग गुन्हेगार कोण? अन्नातून होणारे जिवाणूंचे आजार मुख्यतः दोन वाटांनी होतात. पहिल्या वाटेत जिवंत जिवाणू पोटात जातात, आतड्यात वाढतात आणि मग त्रास देतात. साल्मोनेला याच वाटेने येतो. या वाटेला वेळ लागतो. दुसऱ्या वाटेत जिवाणू अन्नातच वाढतात व तेथेच विष तयार करून ठेवतात. आपण खातो ते आयते विष; म्हणून त्रास एक ते सहा तासांत सुरू होतो.

हे आयते विष करणारा एक जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि हातांवरच्या गळवांत, जखमांत असतो. फिलिपीन्समध्ये काम करणाऱ्या बार्बर या संशोधकाने त्याच्याविषयीची निरीक्षणे १९१४ साली प्रसिद्ध केली. एका गाईचे ताजे दूध पिऊन काही होत नसे; तेच दूध काही तास बाहेर ठेवून प्यायले की उलट्या होत. बार्बर यांनी हे स्वतः दूध पिऊन पाहिले! गाईच्या कासेला झालेल्या संसर्गातून जिवाणू दुधात येत होते, आणि विष तयार व्हायला त्यांना उबदार हवेतले काही तास पुरत होते. खवा, बासुंदी यांसारखे पदार्थ आचाऱ्याच्या हाताला जखम असताना हाताळले गेले आणि बाहेर राहिले, तर हेच घडते.

दुसरा जिवाणू बॅसिलस सेरियस. तो मातीत असतो आणि तांदळाबरोबर स्वयंपाकघरात येतो. प्रतिकूल परिस्थितीत तो टणक कवचाचे बीजाणू बनवतो. भात शिजताना इतर जिवाणू मरतात, हे बीजाणू मात्र तग धरतात. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. इंग्लंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात चिनी उपाहारगृहांतल्या परतलेल्या भातामुळे असे आजार उघडकीस आले. भात आदल्या दिवशी शिजवून बाहेर ठेवला जाई आणि गिऱ्हाईक आले की तेलावर परतून दिला जाई. आपला फोडणीचा भात याहून फार वेगळा नाही.

येथे नेहमीचा प्रश्न येतो : ‘पण अन्न पुन्हा चांगले गरम केले होते ना?’ गरम केल्याने जिवाणू मरतात. पण या दोन्ही जिवाणूंची विषे उकळूनही नष्ट होत नाहीत. चोर मेला, तरी त्याने पेरलेला सुरुंग तसाच राहतो.

आता थोडे गणित. अनुकूल तापमानात अनेक जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. फळ्यावर मांडून पाहा : एकाचे तासाभरात ८, तीन तासांत ५१२ आणि सात तासांत २०,९७,१५२. पहाटे चारला शिजवलेला भात अकराच्या पंगतीपर्यंत झाकून ठेवण्याचा हा अर्थ आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा होय. मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी अन्न कित्येक तास याच पट्ट्यात राहते.

हे आजार नेहमीच एका दिवसात संपत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे, म्हणजे जिवाणू व इतर सर्व कारणे धरून, दर वर्षी जगात ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४,२०,००० मरतात. मृतांपैकी १,२५,००० पाच वर्षांखालील मुले असतात. ई. कोलायच्या काही जाती लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर क्वचित हातपाय लुळे पडतात. जुलाब-उलट्यांत मुलाला मुख्य धोका असतो तो शरीरातले पाणी व क्षार कमी होण्याचा. एक लीटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडेथोडे पाजत राहावे. शौचातून रक्त, जोराचा ताप, सुस्ती किंवा लघवी बंद होणे, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. शिजलेल्या भाताचे दोन सारखे भाग करा. एक खोल पातेल्यात झाकून ठेवा, दुसरा परातीत पातळ पसरा. दर पंधरा मिनिटांनी दोन्हींच्या मध्यभागी तापमापक खोचून आलेख काढा. कोणता भात किती वेळ धोक्याच्या पट्ट्यात राहिला, हे विद्यार्थीच सांगतील. (प्रयोगातला भात कोणी खाऊ नये.) अन्न उरले तर उथळ भांड्यात लवकर थंड करून दोन तासांच्या आत शीतकपाटात का ठेवावे, आणि शीतकपाट नसेल तर शिजवून लगेच का वाढावे, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

शेवटी शिक्षकांसाठी एक गोष्ट. शाळेतला पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चाखून पाहावा, अशी पद्धत आहे. खारट, करपलेले, रॉकेलचा वास येणारे अन्न त्यातून कळते, म्हणून ती पाळावीच. पण जिवाणूंच्या विषाला चव नसते, वास नसतो, आणि अर्ध्या तासात ते आपली खूण दाखवत नाही. म्हणून चाखण्याबरोबरच दोन प्रश्न विचारावेत : हे अन्न शिजले केव्हा, आणि वाढणाऱ्याच्या हाताला जखम तर नाही? पालीला दोष देऊन मोकळे झालो, तर हे प्रश्न विचारायचेच राहून जातात; आणि पुढच्या पंगतीचा भातही पहाटेच शिजतो.