रवणीची अंडी आणि माझा अर्धवट धडा



परिसर अभ्यासाच्या तासाला स्वच्छता शिकवताना आपण सहज सांगून जातो, "प्रत्येक गोष्ट वापरण्याआधी धुवा." मीही सांगितलं. फळं, भाज्या, अंडी... यादीत अंडी मीच घातली होती.

माझ्या वर्गातला एक मुलगा माहुल गावातला, कोळ्याच्या घरचा. घरामागे चार पावलांची जागा, तिथे आजीचं खुराडं. आजी मासळी घेऊन बाजारात गेली असताना या पठ्ठ्याने रवणीला ठेवायची ११ अंडी नळाखाली चकचकीत धुतली आणि पुसून टोपलीत परत ठेवली. २१ दिवसांनी पिल्लं निघाली तीन. बाकीची सडली, एक तर कोंबडीखालीच फुटलं.

आजी शाळेत आली. "अगो बाय, रवनीची अंडी कोन धुतं?" एवढंच म्हणाली. पण कोंबड्यांचा पैसा हा तिचा स्वतःचा, कुणापुढे हात न पसरता मिळणारा. मला फार लागलं ते. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं, ही सबब आजीला काय सांगणार?

मग मी वाचलं, विचारलं. अंड्याचं कवच आपल्याला घट्ट दिसतं, पण त्याला हजारो बारीक छिद्रं असतात. आतलं पिल्लू त्यांतूनच श्वास घेतं. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्यावर एक पातळ ओलसर थर असतो, तो लगेच वाळतो आणि छिद्रं झाकून जंतूंना अडवतो. आपण धुतो तेव्हा हा थर जातो. त्यात पाणी गार असेल तर अंड्यातला भाग आकसतो आणि बाहेरचं पाणी जंतूंसकट आत ओढलं जातं. वर कोंबडीची ऊब. जंतूंना आणखी काय हवं!

सगळा दोष धुण्याचाच, असंही नाही. काही अंडी साठवून पंधरा दिवस झाले होते. सात दिवसांच्या आतली अंडी ठेवली तर पिल्लं जास्त निघतात. (खायचं अंडं मात्र वापरायच्या वेळी धुवावं, नीट शिजवावं आणि अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. स्वच्छतेचा धडा रद्द झालेला नाही!)

दोन महिन्यांनी तीच कोंबडी पुन्हा खुडूक झाली. यावेळी आजीने नातवासोबत मलाही बोलावलं. त्याच आठवड्यातली नऊ अंडी घेतली. घाण होती ती कोरड्या फडक्याने पुसली, प्रत्येकावर पेन्सिलने तारीख टाकली. सातव्या रात्री अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. सात अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मधे काळा ठिपका. (इथला कोळी म्हणजे आठ पायांचा, हे वर्गात सांगावं लागलं!) दोन अंडी अगदी कोरी होती, ती काढून टाकली. दाणापाणी कोंबडीच्या जवळच ठेवलं. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं आणि पोराने ते कसंबसं पाळलं. सहा पिल्लं निघाली.

वर्गात फळ्यावर ११ पैकी ३ आणि ९ पैकी ६ लिहिलं. कुठल्या वेळी जास्त फायदा, हे न शिकवता मुलांनी सांगितलं.

पुढची अडचण घुशीची. आधीच्या तीनपैकी एक पिल्लू तिनेच नेलं होतं. जुनं मासेमारीचं जाळं वरून बांधलं की कावळा, घार अडते, पण घूस नायलॉन सहज कुरतडते आणि खालून बीळ काढून येते. म्हणून खुराड्याच्या तळाला आणि बाजूंना बारीक लोखंडी जाळी मारली. खर्च तेवढाच झाला.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात. लसीच्या एका बाटलीत शेकडो पिल्लांचे डोस, एकदा कालवली की काही तासांत संपवायची. सहा पिल्लांसाठी कोण आणणार? आजीने शेजारच्या घरांना एकच दिवस ठरवून दिला. लस थंड ठेवायला बर्फ लागतो, त्याची कोळ्यांच्या घरी काय कमी! पशुवैद्यकाला विचारूनच लस द्या. आणि कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. आमच्या माहुलच्या खाडीवर तर हिवाळ्यात फ्लेमिंगो आणि इतर पाहुणे पक्षी येतात. कोंबड्यांचा दाणापाणी उघड्यावर ठेवू नये, तो यासाठीही.

आजीकडून एक गोष्ट मात्र आम्हीच शिकलो. अंड्याचं कवच पातळ येऊ लागलं की ती तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या कुटून कोंबड्यांपुढे टाकते. शिंपली आणि अंड्याचं कवच, दोन्ही मुख्यतः एकाच पदार्थाचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. वर्गात दोन वाट्यांत व्हिनेगर घेऊन एकीत शिंपलीचा तुकडा, दुसरीत कवचाचा तुकडा टाका. दोन्हीकडे बुडबुडे येतात.

परवा त्याच मुलाने विचारलं, "टीचर, दुकानातलं अंडं रवणीला ठेवलं तर?" मी म्हटलं, पिल्लू निघायला कोंबडाही लागतो. फार्मवर अंड्यांसाठी नुसत्या कोंबड्याच पाळतात. त्याला पटलेलं दिसलं नाही. आजीला विचारून सांगतो म्हणाला.