पडद्याआडचे सूर

आमच्या नगरच्या हौशी नाट्यमंडळाच्या खोलीत एक जुना ऑर्गन आहे. ‘सौभद्र’च्या प्रयोगांना माझे वडील तो वाजवीत आणि मी लहानपणी त्याच्या पाठीमागे सतरंजीवर झोप काढीत असे. गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या बैठकीत ठराव आला : ऑर्गन विकून टाकावा आणि डिजिटल की-बोर्ड घ्यावा. ठराव मांडणाऱ्या तरुणांचे म्हणणे गैर नव्हते. भात्याला भोके पडली होती, चार सूर मुके झाले होते आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून खजिनदारांनी चष्मा काढून पुसला होता.

मी तावातावाने म्हणालो, “त्या आवाजाची सर यंत्राला यायची नाही!”

सुभद्रेचे काम करणाऱ्या मुलीने शांतपणे विचारले, “सर, ऑर्गन हेही यंत्रच नाही का?”

मी निरुत्तर झालो. घरी येऊन पुस्तके उघडली तेव्हा कळले की, आपण ज्याला ऑर्गन म्हणतो तो खऱ्या ऑर्गनचा धाकटा नातलग आहे. थोरला म्हणजे चर्चमधला पाइप ऑर्गन. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये तो मी एकदा ऐकला होता. त्याचा खर्जाचा सूर कानांआधी बसायच्या बाकाला जाणवतो. तिथे प्रत्येक सुराला वेगळी नळी असते. आठ फुटी उघडी नळी सेकंदाला सुमारे ६५ कंपने देते. लांबी निम्मी केली की सूर वरच्या सप्तकात जातो. गंमत म्हणजे, उष्मा दहा अंशांनी वाढला तर नळीचा सूर अर्धस्वराच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाने चढतो. नगरचा उन्हाळा तिला मानवायचा नाही!

नाटकातल्या ऑर्गनमध्ये नळ्या नाहीत, पितळी पत्त्या आहेत. आपल्या बाजाच्या पेटीत भाता हवा पत्त्यांतून बाहेर ढकलतो. अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये पाय मारले की हवा पत्त्यांतून आत ओढली जाते. त्यामुळे, आणि पत्त्यांना दिलेल्या बाकामुळे, त्याचा सूर मऊ निघतो. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गळ्याला ऑर्गन आणि सारंगी यांची साथ असे, आणि मराठी प्रेक्षकांच्या कानांत तो सूर कायमचा बसला.

ॲनालॉग ऑर्गनमध्ये हवेचे कामच नाही. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली बाजारात आणलेल्या ऑर्गनमध्ये दातेरी चक्रे लोहचुंबकाजवळ फिरत आणि त्यातून उठणाऱ्या विजेच्या लहरी मिसळून सूर घडे. पुढे चक्रांचे काम ट्रान्झिस्टर करू लागले. हा आवाज कुणाची नक्कल नव्हे. तो विजेचा स्वतःचा आहे. डिजिटलची तऱ्हा निराळी. खऱ्या वाद्याचा सूर सेकंदाला हजारो वेळा मोजून (कॉम्पॅक्ट डिस्कचे माप ४४,१०० वेळा) त्याचे आकडे साठवायचे आणि पट्टी दाबली की त्या आकड्यांचा पुन्हा सूर करायचा. एका अर्थी ते सुराचे छायाचित्रच!

मग मीच सुचवले की परीक्षा घेऊ. पडद्यामागे आमचा ऑर्गन, एका स्नेह्यांचा जुना ट्रान्झिस्टरचा ऑर्गन आणि मागून आणलेला की-बोर्ड. परीक्षक म्हणून माझी ऐंशी वर्षांची आई. ट्रान्झिस्टरचा सूर ऐकून ती म्हणाली, “हा सिनेमातला.” दुसरा सूर ऐकला मात्र आणि तिने पदर डोळ्यांना लावला. “हा ह्यांचा!”

पडदा सारला. तो की-बोर्ड होता.

मी खजील झालो. पण आईचे चुकले असे तरी कसे म्हणू? त्या आकड्यांत कुठल्या तरी धडधाकट ऑर्गनचा आवाज होता आणि वडिलांचा ऑर्गनही एके काळी तसाच वाजत असे. आता तो घोगरा झाला होता.

ठराव मंजूर होणार हे दिसत होते. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “एकदा दोन्हींवर गाऊन बघू?” ती गायली. की-बोर्डला आवाज लहानमोठा करण्याचे पेडल होते. पण मोठा होई तो तोच आवाज. ऑर्गनवर पाय जोराने पडला की आवाज वाढतोच, शिवाय त्याचा पोतही बदलतो. गाणे संपल्यावर ती म्हणाली, “सर, की-बोर्ड सुरात आहे, पण ऑर्गनवर मला वाजवणाऱ्यांचा पाय कळतो. मी दम कुठे घेणार हे त्यांना आधीच समजलं.”

ठराव दुरुस्त झाला. तालमींना आणि गावोगावच्या प्रयोगांना की-बोर्ड. तो उचलायला सोपा आणि बटण दाबताच पट्टी बदलणारा. नगरच्या प्रयोगाला ऑर्गन. दुरुस्तीसाठी वर्गणी काढली. पहिली नोट आईची.

भाता नवा झाला आहे. दोन सूर अजून मुके आहेत. पण रोज संध्याकाळी ती मुलगी अर्धा तास लवकर येऊन पाय मारायला शिकते.