रस्त्याकडेच्या झाडाचा हिशेब

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून प्राधिकरणाच्या आतल्या रस्त्याला वळले, की पहिल्यांदा जाणवते ती सावली. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले; त्यानंतरच्या वसाहतीतली बरीच झाडे आता थोराड झाली आहेत. दर वाढदिवसाला एक रोप लावले, की माझ्या स्कूटरच्या धुराचे पाप फिटते, असे मी वर्षानुवर्षे मानत आलो. मी वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही; वाचत, मोजत जे कळले त्यावरून हा हिशेब मांडतो आहे.

वाळलेल्या लाकडात साधारण निम्मे वजन कार्बनचे असते. एक किलो कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. वाळल्यावर एक टन भरेल अशा झाडाने जन्मभरात सुमारे १.८ टन वायू बांधून ठेवलेला असतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो वायू सुटतो. म्हणजे झाडाची सारी पुंजी जेमतेम ८०० लिटर पेट्रोलची. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार ती १२ हजार किलोमीटरांत उडवते. हे उत्तर आले तेव्हा मी वही मिटून ठेवली.

मग झाड करते काय? त्याचे काम जवळचे आहे. पानांवर धूलिकण बसतात; खरखरीत, लवदार पानांवर अधिक. पाऊस ते धुऊन मातीत नेतो. पर्णरंध्रांतून नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन असे वायू थोडेफार आत घेतले जातात. शहराच्या एकूण प्रदूषणात हा वाटा लहानच. उलट अरुंद गल्लीत वर फांद्यांचे छत दाटले, तर धूर खालीच कोंडतो. तिथे पदपथ आणि वाहने यांच्यामध्ये दाट कुंपण अधिक उपयोगी. सावली मात्र निर्विवाद: तापलेला रस्ता आणि भिंती तीच निववते.

आणि हे सारे पानांच्या पसाऱ्यावर अवलंबून असते. राज्याच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली: तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची, पन्नाशी गाठलेले झाड वारसावृक्ष. पाऊल चांगले आहे. पण चाळीस वर्षांच्या झाडाबदल्यात लावलेली चाळीस रोपे त्या उन्हाळ्यात एकाही वाटसरूला सावली देत नाहीत. आणि तोडलेले लाकूड चुलीत गेले, तर साठलेला कार्बन त्याच दिवशी हवेत परततो.

म्हणून धूर उगमापाशीच कमी करायला हवा. ते ओझे झाडावर टाकता येत नाही. आपल्या हाती आहे ते उभे झाड राखणे. आमच्या फाटकासमोरच्या पर्जन्यवृक्षाच्या खोडाला सिमेंट भिडले आहे. यंदा वाढदिवसाला नवे रोप न लावता, परवानगी काढून, त्याच्या बुंध्याभोवतीची माती मोकळी करून घ्यायची आहे.